लक्षणें नसतां हर्पिसची तपासणी : करावी कीं न करावी?

एकदां रक्त तपासून घेतलें म्हणजे मन निश्चिंत होतें, अशी सुशिक्षित कुटुंबांतील समजूत आहे. मधुमेहासारख्या विकारांत ती बव्हंशीं खरीहि आहे. परंतु अंगावर एकहि लक्षण नसतां केलेली हर्पिसची तपासणी जुनी शंका फेडण्याऐवजीं पुष्कळदां नवीच शंका घरांत आणते. हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाहीं खरा. पण न बोलल्यामुळेंच एखाद्या घरांत एका कागदावरून सुनेच्या शीलाचा न्याय होतो. म्हणून त्याचा विचार येथें करणें इष्ट वाटतें.

प्रथम एक भ्रम दूर करूं. हर्पिस म्हटलें कीं आपल्याकडे नागीण आठवते. परंतु नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळें होते, आणि हा विकार निराळा. याचे विषाणू दोन. पहिल्यामुळें बहुधा ओठांच्या कडेला पुटकुळ्यांचे झुपके येतात. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधांतून जडतो व गुह्यांगास उपद्रव देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजाप्रमाणें पन्नाशीच्या आंतील शेंकडा ६४ लोकांच्या शरीरांत पहिला, आणि १५ ते ४९ या वयांतील शेंकडा १३ लोकांच्या शरीरांत दुसरा वास करून आहे. यांपैकीं बहुतेकांस त्याचा पत्ताहि नसतो. पहिला तर पुष्कळांस बालपणींच, आप्तांच्या मुक्यांतून मिळतो.

रक्ताच्या परीक्षेंत विषाणू दिसत नाहीं. त्याच्याशीं झुंजतांना शरीरानें निर्माण केलेलीं प्रतिपिंडें दिसतात. तीं पहिल्या प्रकाराचीं निघालीं, तर विषाणू ओठांत आहे कीं अन्यत्र, हें कळत नाहीं. दुसऱ्या प्रकाराची परीक्षा तर पुष्कळदां चुकते. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा मंडळानें २०१६ सालीं हिशेब मांडला : ज्या समाजांत शेंकडा १५ लोकांस संसर्ग आहे, तेथील १०,००० माणसें तपासलीं, तर सुमारें १,४८५ संसर्गितांचा अहवाल 'पॉझिटिव्ह' येईल, आणि सुमारें १,४४५ निर्दोष माणसांचाहि तसाच येईल! म्हणजे दर दोन अहवालांत जवळजवळ एक खोटा. जेथें संसर्ग याहून विरळ, तेथें खोट्यांचें प्रमाण आणखी वाढावयाचें. म्हणूनच लक्षणें नसलेल्यांची सरसकट तपासणी करूं नये, असा त्या मंडळाचा निर्णय असून २०२३ सालीं त्यानें तो कायम केला.

गर्भपात झालेल्या स्त्रीस 'टॉर्च' नांवाची तपासणी सांगण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. तींत हर्पिसहि येतो. अहवालांत 'आयजीएम' आढळलें कीं संसर्ग ताजा, आणि ताजा म्हणजे संशयास्पद, असें सुतावरून स्वर्गाला जाणें सुरू होतें. वस्तुतः जुना संसर्ग पुन्हां उचल खातो तेव्हांहि आयजीएम दिसूं शकतें, आणि त्यावरून विषाणूचा प्रकारहि ठरत नाहीं. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचें कारण शोधण्यासाठीं ही तपासणी करण्याचा परिपाठ सोडून द्यावा, असें ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनें २०११ सालीं स्पष्ट सांगितलें. शिवाय हा विषाणू वर्षानुवर्षें निद्रिस्त राहतो. तो केव्हां आला व कोणाकडून आला, हें कोणताहि अहवाल सांगत नाहीं. मग पतिपत्नींनीं त्यावरून एकमेकांस जाब काय म्हणून विचारावा?

तर मग तपासणी कधीं करावी? उत्तरानें आपलें वर्तन बदलणार असेल तेव्हां. पतीस हा विकार असल्याचें ठाऊक आहे आणि पत्नी गर्भवती आहे, हें त्याचें मुख्य उदाहरण. गरोदरपणाच्या अखेरीस मातेस नव्यानें संसर्ग झाला, तर बालकास तो जडण्याचा धोका शेंकडा ३० ते ५० असतो. संसर्ग जुना असेल तर शेंकडा एकाहूनहि कमी. पत्नीस संसर्ग नाहीं असें दिसल्यास शेवटचे तीन महिने संबंध टाळावा. अशा वेळीं दोन्ही प्रकार वेगळे दाखविणारी 'आयजीजी' परीक्षाच मागावी. प्रतिपिंडें तयार होण्यास १२ आठवडेहि लागतात, हें ध्यानांत ठेवावें. आणि निष्कर्ष काठावरचा आल्यास दुसऱ्या पद्धतीनें पडताळून घ्यावा. प्रत्यक्ष फोड आलेला असेल, तर रक्तापेक्षां त्याचा स्राव तपासणें अधिक उपयोगी. विकार समूळ जात नाहीं, परंतु असायक्लोव्हिरसारख्या औषधांनीं तो पुष्कळ आटोक्यांत राहतो.

एक नियम मात्र सर्वच घरांनीं पाळावा. ज्याच्या ओठावर फोड आहे, मग ती प्रेमळ आजी कां असेना, त्यानें तान्ह्या बाळाचा मुका घेऊं नये. नवजात अर्भकास हा संसर्ग प्राणघातक ठरूं शकतो. या नियमास ना रक्त द्यावें लागतें, ना पैसा. बाकी तपासणीची चिठ्ठी हातीं येईल तेव्हां डॉक्टरांस शांतपणें विचारावें, "उत्तर होय आलें तर आम्ही काय करावयाचें, आणि नाहीं आलें तर काय?" दोहोंचें उत्तर एकच असेल, तर ती तपासणी न केलेलीच बरी.