राजापूरचे खासदार आणि कलम ३६८

कोकणातल्या राजापूर लोकसभा मतदारसंघाच्या निकालांचा मला जुना नाद आहे. १९५७ ते १९८९ या काळात आठ निवडणुका झाल्या आणि आठही वेळा काँग्रेस हरली. तीनदा नाथ पै, पाचदा मधु दंडवते, दोघेही समाजवादी. १९८४च्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४८पैकी ४३ जागा काँग्रेसने खिशात घातल्या, तेव्हाही राजापूर हललं नाही. मनिऑर्डरींवर चालणारी घरं, गिरणगावातले चाकरमानी, सेवा दल ही कारणं वाचकांना पाठ असतील. मला त्याहून जास्त ओढ लावली ती एका विधेयकाने.

फेब्रुवारी १९६७मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी ठरवलं, की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत होता. खोतीच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारीच्या, जाचातून नुकत्याच सुटलेल्या मुलखाच्या बॅरिस्टर खासदाराला यातली मेख कळायला वेळ लागला नाही. एप्रिलमध्येच नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं: घटनादुरुस्तीचं कलम ३६८ बदला, राज्यघटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेकडे आहे हे स्पष्ट लिहा. यावरून समाजवाद्यांतच दोन तट पडले. आज सरकारच्या हाती दिलेली सुरी उद्या कोणाच्या गळ्यावर फिरेल, ही शंका काही खुळी नव्हती. विधेयक संयुक्त समितीत गेलं, चर्चांत रेंगाळलं, मंजूर मात्र झालं नाही. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै गेले, अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे. त्याच वर्षी इंदिरा सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली. गाभा तोच, श्रेय सरकारचं.

आणि ती सुरी फिरलीच. आणीबाणीत राजापूरचे नवे खासदार दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात, आणि संसदेत तिचेच अधिकार आणखी वाढवणारी बेचाळिसावी दुरुस्ती! नाथ पैंनी संसदेवर जरा जास्तच विश्वास टाकला, असं माझं मत झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३च्या केशवानंद निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीचं कुंपण घातलं नसतं, तर काय झालं असतं कोण जाणे. पण मालमत्तेपुरते ते बरोबर ठरले. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तेव्हा दंडवते रेल्वेमंत्री होते.

पुढचं भराभर सांगतो. १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, दंडवते तेव्हा अर्थमंत्री. पुढच्याच वर्षी मतदारांनी त्यांना पाडून काँग्रेसचे सुधीर सावंत निवडले. १९९६पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाडी धावली १९९८मध्ये. प्रभू रेल्वेमंत्री झाले २०१४मध्ये, तेही भाजपचे म्हणून, आणि राज्यसभेवर गेले ते हरियाणातून. राजापूर हे नाव तर २००९च्या निवडणुकीपासूनच यादीतून गेलं होतं; त्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आलं आणि तिथल्या पहिल्याच लढतीत प्रभू पडले.