श्यामचं पदक आणि अहिराणीचा रकाना

1 ऑगस्ट 2025 ला 71 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी संपादकांचा फोन आला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’, सुजय डहाके यांचा. सर्वोत्कृष्ट समीक्षक आसामचे उत्पल दत्त. “पुरस्कार आणि समीक्षक यांच्यावर लिहा,” ते म्हणाले, “आणि सुरुवात तुमच्या खान्देशातून करा.” मी धुळ्याहून अमळनेरची एसटी पकडली.

अमळनेरच का, हे खान्देशी माणसाला सांगावं लागत नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांची आईसुद्धा होते. मुलांचे कपडे धुणारा, अंथरुणं आवरणारा, त्यांच्यासाठी रोज हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढणारा हा मास्तर 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनी ऐकता ऐकता उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, मोजक्या दिवसांत, ‘श्यामची आई’ लिहून झाली. पुस्तकातलं गाव कोकणातलं आहे, पण मुलांना रात्री गोष्ट सांगण्याची सवय गुरुजींना अमळनेरच्या छात्रालयातच लागली असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे नावाचा शाळकरी मुलगा श्याम झाला. 1954 मध्ये भारत सरकारनं पहिल्यांदा चित्रपटांना पुरस्कार द्यायचं ठरवलं, तेव्हा कथापटासाठीचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. देशातल्या सगळ्या भाषांमधून. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्ता प्रशस्तिपत्रावर समाधान मानावं लागलं.

त्याच 1954 च्या मार्चमध्ये मुंबईच्या मेट्रो चित्रगृहात आणखी एक सोहळा झाला होता. ‘फिल्मफेअर’ नियतकालिकानं पाच पुरस्कार दिले, आणि तिथं सर्वोत्कृष्ट ठरला ‘दो बिघा जमीन’. तिथला कौल वाचकांचा होता, दिल्लीचा निवाडा समितीचा. विशेष म्हणजे वाचकांच्या मतांवर चालणाऱ्या त्या पुरस्काराला सुरुवातीला नाव दिलं होतं ते एका समीक्षिकेचं: ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चित्रपटांवर लिहिणाऱ्या क्लेअर मेंडोंसा यांचं. नुकत्याच वारलेल्या एका लिहिणाऱ्या बाईच्या नावानं सिनेमाचा पुरस्कार द्यावा, असं तेव्हा एखाद्या संपादक मंडळाला सुचत होतं. त्या पुरस्काराची बाहुली घडवली ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकारानं. आज बाहुली सगळ्यांना ठाऊक आहे, क्लेअरबाईंचं नाव पार पुसलं गेलं आहे. याचं मला वाईट वाटतं.

समीक्षकांनी एकत्र येऊन पुरस्कार देण्याची रीत आपल्याकडे बंगालनं पाडली. तिथल्या चित्रपट पत्रकारांची संघटना 1937 ची. देशभरातल्या समीक्षकांचं ‘फिल्म क्रिटिक्स गिल्ड’ आलं 2018 मध्ये, आणि चित्रपटांसोबत लघुपट आणि वेबमालिकांनाही त्यांनी आपल्या पुरस्कारात जागा दिली. आंतरराष्ट्रीय समीक्षक महासंघाच्या भारतीय शाखेनं 2022 मध्ये सभासदांचं मत घेऊन आजवरचे दहा सर्वोत्तम भारतीय चित्रपट निवडले. ‘पथेर पांचाली’ पहिला आला. दहांत एकही मराठी चित्रपट नाही.

ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. राग नाही येत, प्रश्न पडतो. ज्या भाषेनं पहिलं सुवर्णपदक आणलं, तिचा सिनेमा परीक्षकाच्या कानापर्यंत पोचतो कसा, आणि कुठं अडतो?

म्हणून पुरस्कार मी थोडे बाजूला ठेवले आणि परीक्षकांच्या खोलीकडे वळलो. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी कथापट, कथाबाह्य चित्रपट आणि सिनेमावरचं लेखन यांना वेगवेगळ्या समित्या असतात. या वेळी कथापट समितीचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते. कथापटांची चाळणी दोनदा होते. आधी पाच प्रादेशिक समित्या बघतात, मराठी चित्रपट पश्चिमेच्या समितीपुढे जातात, आणि तिथून शिफारस झालेले दिल्लीच्या केंद्रीय समितीपुढे येतात. प्रादेशिक समितीनं गाळलेला एखादा चित्रपट केंद्रीय समितीला परतही मागवता येतो. ही दुहेरी चाळणी नवी नाही. पहिल्या वर्षीही मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला समित्या होत्या. मधे ती पद्धत बंद पडली आणि 2009 च्या चित्रपटांपासून पुन्हा आली.

केंद्रीय समितीतल्या माणसाला मराठी येईलच असं नाही. तो पडद्याच्या तळाशी येणारी इंग्रजी ओळ वाचतो. सगळा डोलारा त्या एका ओळीवर उभा. आई श्यामला रागावते तेव्हा तिच्या आवाजात राग किती आणि माया किती, हे ती ओळ सांगू शकत नाही. ते त्या परीक्षकानं चेहऱ्यावरून ओळखायचं. आणि तो ओळखतो, हेच मला या व्यवस्थेतलं नवल वाटतं. अनोळखी भाषेतला सिनेमा मनापासून बघणाऱ्या माणसाविषयी मला अतोनात आदर आहे.

असा बघणारा माणूस घडतो कसा, याचं उत्तर मला माधव वझे यांच्यात दिसतं. पहिल्या सुवर्णपदकाचा तो श्याम मोठा होऊन नट म्हणून मिरवत बसला नाही. ते पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकं बसवली आणि आयुष्यभर नाट्यसमीक्षा लिहिली. ज्या मुलाकडे सगळा महाराष्ट्र डोळे पुसत बघत होता, तो पुढे अंधारात बसून दुसऱ्यांकडे बघत राहिला. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. दुसऱ्या ‘श्यामची आई’ला पुरस्कार जाहीर झाला तो त्यानंतर तीन महिन्यांच्या आत. डहाके यांचा चित्रपट कृष्णधवल आहे, ओम भूतकर त्यात साने गुरुजी झाले आहेत. त्याच्या पुरस्कारावर वझे सरांनी काय लिहिलं असतं, हे वाचायला मला फार आवडलं असतं.

खान्देशाचं आणखी एक घर राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत आहे. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी ती मुलगी ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी दोनदा राष्ट्रीय पुरस्काराची मानकरी ठरली.

पण परतीच्या एसटीत माझं मन या जुन्या अभिमानात रमेना. पुढच्या बाकावर दोन पोरं एका मोबाइलवर अहिराणी विनोदी चित्रफीत बघत होती, शेजारच्या आजीही मान लांब करून हसत होत्या. अशा चित्रफिती गावागावात निघतात, लाखो लोक बघतात. त्यांच्यातल्या चांगल्या-वाईटाची निवड कोण करतं? कोणी नाही. नुसते आकडे.

राष्ट्रीय पुरस्कारांत आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांसाठी स्वतंत्र जागा आहे. 2025 च्या यादीत गारो भाषेतला ‘रिमडोगितांगा’ तिथं आहे, आणि ताई फाके भाषेतला ‘पाय तांग’ही. ताई फाके बोलणारी माणसं आसामात जेमतेम काही हजार. 2011 च्या जनगणनेत खान्देशी ही भाषा, जिच्यात आमची अहिराणी येते, मराठीपासून वेगळी मोजली आहे, आणि ती बोलणारे 18 लाखांहून जास्त आहेत. म्हणजे दार उघडं आहे. त्या वर्षीच्या यादीत अहिराणी नव्हती.

दारापर्यंत जायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, तेही त्याच वर्षातलं. इंग्रजी ओळी लागतात. मोबाइलवर चित्रण करून थेट यूट्यूबवर टाकणाऱ्याकडे यातलं काही नसतं. मालिका आणि वेबमालिकांना तर या पुरस्कारांत जागाच नाही. वेबमालिकेसाठी गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवानं 2023 पासून वेगळा पुरस्कार सुरू केला. मग वेळेचा प्रश्न. 2022 च्या चित्रपटांचे पुरस्कार हातात पडले ऑक्टोबर 2024 मध्ये, 2023 चे सप्टेंबर 2025 मध्ये. तोवर छोटा चित्रपट चित्रगृहातून केव्हाच उतरलेला असतो, आणि पदकाचा त्याला तिकीटबारीवर काही उपयोग होत नाही. सन्मानाचंही तसंच. 2018 च्या सोहळ्यात राष्ट्रपती फक्त 11 पुरस्कार स्वतः देणार, हे ऐनवेळी कळलं तेव्हा पन्नासहून अधिक मानकरी सभागृहात गेलेच नाहीत.

त्याहून मला काळजी वाटते ती समीक्षकाची. 1984 पासून राष्ट्रीय पुरस्कारांत समीक्षकालाही मान आहे, आपले अशोक राणे त्याचे मानकरी. पण सिनेमावर सलग हजार शब्द छापणारी पानं आता किती उरली? अहिराणी सिनेमावर अहिराणीत समीक्षा लिहिणारा कोणी निघाला, तर ती छापायची कुठं?

धुळं जवळ आलं तशी पोरांची चित्रफीत संपली. शेवटचं वाक्य होतं, “कसं शे मंग भो?” मी मनातल्या मनात त्याची इंग्रजी ओळ करून बघायला लागलो. ‘भो’शी अडलो. त्यात मित्र आहे, भाऊ आहे, थोडी खेच आहे आणि भरपूर आपलेपणा आहे. स्टँडवर उतरलो तरी एक शब्द सापडला नव्हता.