मद्यपी पालक आणि वर्गातील मूल

हजेरीपट केवळ टक्केवारी काढण्यासाठी न पाहता वारांच्या अनुरोधाने पाहिला, तर कधी कधी एक निराळीच गोष्ट नजरेस येते. एखादे मूल आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हटकून गैरहजर असते, किंवा उशिरा येऊन पहिल्या तासालाच पेंगू लागते. बाजाराच्या दिवशी मजुरीचे पैसे हाती पडतात, वडील रात्री गुत्त्यावरून परततात आणि त्या घरात कोणाचीच झोप होत नाही. अशा मुलास आळशी ठरवून वर्गात उभे करणे म्हणजे वडिलांच्या व्यसनाची शिक्षा त्याला दुसऱ्यांदा देणे होय.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. परंतु घरात तो आजाराच्या रूपाने दिसत नाही. तो दिसतो उसनवारी, भांडणे आणि मोडलेली वचने यांच्या रूपाने. सकाळी मायेने जवळ घेणारा बाप जत्रेला नेण्याचे कबूल करतो आणि सायंकाळी त्याला त्याची आठवणही नसते. मुलाचा राग मात्र पुष्कळदा आईवर निघतो. कारण पैशावरून तोंड वाजवणारी तीच त्याला दिसते. थोरली मुलगी तर धाकट्या भावंडांची आईच होऊन बसते. ती चूल सांभाळते, डब्यातले पैसे लपवते, वडिलांना रस्त्यावरून घरी आणते. वर्गात ती समंजस आणि अबोल असते. दंगेखोर मुलाची तक्रार तरी होते. हिची कोणी करीत नाही, आणि एके दिवशी तिचे शाळेत येणे बंद होते. शिक्षकाने अधिक जपावे ते हिला.

आपण हट्ट केला, आपल्याला गुण कमी पडले, म्हणून वडील पितात, असा हिशेब ही मुले मनाशी मांडतात. तो खोडून काढणे शिक्षकाच्या हाती आहे. मूल आपणहून बोलू लागले, तर ते ऐकून घ्यावे आणि एकांतात इतकेच सांगावे : “त्यांचे पिणे तुझ्यामुळे सुरू झालेले नाही, आणि ते थांबवणे हे तुझे काम नाही.” मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अल-अनॉन या संघटनेची, आणि १९५७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी निघालेल्या तिच्या अलाटीन गटांची, शिकवण थोडक्यात हीच आहे.

मुलालाच वडिलांच्या सुधारणेचे साधन करण्याची आपल्याकडील रीत प्रस्तुत लेखकास पसंत नाही. २६ जूनच्या व्यसनविरोधी दिनाची प्रभातफेरी घोषणा देत अशा घरावरून जाते, तेव्हा रांगेतील त्या मुलाची मान खाली गेलेली असते. फेरी काढू नये असे नव्हे; फलक कोणाच्या हाती द्यायचा याचा आधी विचार व्हावा. बाटली ओतून टाक, असे तर मुलास कधीही सांगू नये. त्यातून मारझोड ओढवते. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर हातापायांस कंप, झटके आणि भ्रम होऊन प्रसंगी जिवावर बेतते. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

वडिलांशी बोलायचे झाल्यास मुख्याध्यापकांनी, शक्यतो सकाळी आणि चारचौघांत नव्हे, बोलावे. उपदेशापेक्षा पत्ता उपयोगी पडतो. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, अथवा पुण्यात १९८६ पासून कार्य करीत असलेले, रुग्णाबरोबर कुटुंबीयांनाही उपचारात सामावून घेणारे मुक्तांगण यांची माहिती द्यावी. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाणी १४४४६ ही निःशुल्क आहे. मुलास मारहाण होत असल्याचे दिसले, तर मात्र घरचा प्रश्न म्हणून स्वस्थ बसू नये. मुख्याध्यापकांस कळवून १०९८ या बालमदत क्रमांकावर संपर्क साधावा.

राहिला वर्ग. घरी दिव्याखाली बसण्याजोगी स्थिती नसेल, तर गृहपाठ मधल्या सुट्टीत शाळेतच करू द्यावा. आईला पालकसभेत सर्वांसमक्ष काही विचारू नये. आणि “उद्या तुला वही देईन” असे आपण म्हटले असेल, तर ती वही उद्याच द्यावी. या मुलाने न पाळलेली वचने घरी पुष्कळ ऐकलेली असतात.