भुवयांच्या मधोमध

कॅरन बार्क्ले बाहुल्याचं रिकामं खोकं उचलते आणि आतून बॅटऱ्या घरंगळत खाली पडतात. न वापरलेल्या. बाहुला तर गेले काही दिवस बोलतोय, मान वळवतोय, डोळे मिचकावतोय. तिच्या सहा वर्षांच्या अँडीनं सांगितलं होतं की चकी जिवंत आहे, आणि असं सांगितलं म्हणूनच त्याला मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवलेलं आहे. ती चकीला पालथा करते, पाठीवरचं झाकण उघडते. आत बॅटऱ्या नाहीत.

टॉम हॉलंड यांच्या ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या चित्रपटातला हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही, तरी अजून हात गार पडतात. दुकानात विकत मिळणारी वस्तू, तिच्या पाठीवरचं एक प्लॅस्टिकचं झाकण, आणि त्यामागची पोकळी. अमेरिकेची त्या दशकातली सगळी भीती त्या पोकळीत आहे. डॉन मॅन्सिनी यांना ही गोष्ट सुचली ती विद्यार्थिदशेत. ‘कॅबेज पॅच किड्स’ नावाच्या बाहुल्यांसाठी त्या काळी अमेरिकन आईबाप दुकानांत हातघाईवर येत होते. जाहिराती पोरांवर काय गारूड करतात, हे त्यांना दाखवायचं होतं. गोळी लागून मरणारा खुनी मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, हा भाग पटकथेच्या पुढच्या खर्ड्यांत आला.

पाच वर्षांनी, १९९३ साली, महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ काढला. सांगाडा ‘चाइल्ड्स प्ले’चाच आहे, हे कुणी लपवायचं कारण नाही. पोलिसांच्या गोळीनं मरणाऱ्या गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात जातो. ज्याला त्यानं आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येतं. भरडल्या जाणाऱ्या माणसावर मात्र कुणाचा विश्वास बसत नाही. एवढं सगळं तिकडून आलं. म्हणून ‘झपाटलेला’ला नक्कल म्हणून निकालात काढणारे पुष्कळ भेटतात. मला ते मान्य नाही, कारण कोठारे यांनी एक बदल असा केला की गोष्टीचा कणाच बदलला. त्यांनी सहा वर्षांच्या मुलाच्या जागी शब्दभ्रमाचं वेड असलेला मोठा माणूस आणला. लक्ष्मीकांत बोलके, म्हणजे लक्ष्या. आडनावातच बोलका बाहुला.

अँडीवर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण तो लहान आहे. लक्ष्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण बाहुल्याला बोलता करणं हीच त्याची कला आहे! बाहुला बोलला असं शब्दभ्रमकारानं शपथेवर सांगितलं, तर समोरच्याला त्यात नवल ते काय वाटणार? जितका कलाकार चांगला, तितका तो जास्त अडकणार. हसू इथूनच येतं आणि त्याखालची घुसमटही इथलीच. लक्ष्या साकारणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या तोंडावर भेदरलेपणा आणि काकुळत एकदमच दिसतात. प्रेक्षक हसतो, पण बाहुल्याचं ऐकलंय फक्त लक्ष्यानं आणि आपण, हे विसरत नाही.

भयपटाच्या इतिहासात या कल्पनेची जात जुनी आहे. १९४५ सालच्या ‘डेड ऑफ नाइट’ या ब्रिटिश चित्रपटात मायकेल रेडग्रेव्ह यांचा शब्दभ्रमकार आपल्या ह्यूगो नावाच्या बाहुल्यापुढे हळूहळू हरत जातो. ‘मॅजिक’मध्ये (१९७८) अँथनी हॉपकिन्स यांची तीच गत होते. तिथे प्रश्न असतो की आवाज नक्की कुणाचा. ‘झपाटलेला’ कथानकानं चकीचा भाऊ असला, तरी पिंडानं मला या दोघांच्या जवळचा वाटतो.

आणि मराठी घरात तो परका का वाटला नाही, याचंही कारण आहे. शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव आपल्याकडे कधीचा माणसांत येऊन बसलेला होता. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तो रंगमंचावर आणि दूरदर्शनवर घरोघरी नेला. ‘झपाटलेला’तला तो खुनी बाहुला, तात्या विंचू, घडवला तो याच रामदास पाध्ये यांनी. ज्या हातांनी आम्हाला हसवलं, त्याच हातांनी घडवलेला बाहुला आता सुरा घेऊन उभा होता. आमच्या घरी कपाटावर एक बाहुली असायची. ‘झपाटलेला’ पाहिल्यावर कितीतरी रात्री तिच्यावर टॉवेल टाकून मग दिवा मालवला जाई.

हॉलीवूडमध्ये चकीची यंत्रं केव्हिन येगर यांनी बनवली. काही दृश्यांत एड गेल हे कमी उंचीचे अभिनेते चकीचा वेष घालून, मुद्दाम मोठ्या आकारात उभारलेल्या सेटवर धावले. आवाज ब्रॅड डुरिफ यांचा. इकडे आवाज दिलीप प्रभावळकर यांचा, आणि मरण्याआधीचा हाडामांसाचा तात्याही तेच. त्या खर्जातल्या आवाजाला मराठी सिनेमात तोड नाही. नावांचीही गंमत पाहा. चकीचं खरं नाव चार्ल्स ली रे, अमेरिकेतल्या तीन कुप्रसिद्ध नावांतून जोडलेलं : चार्ल्स मॅन्सन, ली हार्वी ऑस्वल्ड, जेम्स अर्ल रे. आपला खलनायक मात्र ‘तात्या’. वडीलधाऱ्यांना हाक मारायची ती, आणि पुढे विंचू. घरातलं आणि अंगावर येणारं, दोन शब्दांत.

मंत्रांच्या बाबतीत दोन्ही चित्रपटांशी माझं भांडण आहे. चकी डम्बाला या देवतेला हाक मारतो. हैतीच्या वोडू श्रद्धेत डम्बाला हा सृष्टीशी जोडलेला, पूज्य सर्पदेव आहे. खुन्याच्या तोंडी त्याचं नाव घालून हॉलीवूडनं एका गरीब देशाच्या धर्माची आणखी एकदा बदनामी केली. आपल्याकडे ‘मृत्युंजय’ हा शब्द मरणाच्या भयातून सुटण्याच्या प्रार्थनेचा. तो ‘झपाटलेला’तल्या बाबा चमत्कार या मांत्रिकाच्या हाती गेला. पोरांनी ‘ओम फट् स्वाहा’चा खेळ केला आणि गोष्ट तिथेच थांबली. हैतीच्या लोकांना एवढं सहज सुटता आलं नाही.

शेवट मात्र पाहण्यासारखा आहे. चकी जितका जास्त वेळ बाहुल्यात राहतो, तितका तो माणूस होत जातो, म्हणून त्याला मारायचं तर हृदयात गोळी हवी. तात्या विंचूला गोळी लागावी लागते भुवयांच्या मधोमध, जिथे आपण गंध लावतो, कुंकू लावतो, जिथे योगशास्त्र आज्ञाचक्र सांगतं. एका गोळीची जागा बदलली आणि गोष्ट आपल्या मातीत रुजली. रूपांतर याला म्हणावं.

पुढच्या भागांचं काय झालं? चकीचे दुसरा आणि तिसरा भाग १९९० आणि १९९१ मध्ये आले, आणि भीती पातळ झाली. मग ‘ब्राइड ऑफ चकी’ (१९९८) आला तो स्वतःचंच विडंबन घेऊन. टाके घातलेला चेहरा, जेनिफर टिली यांची टिफनी आणि टीव्हीवर चालू असलेला १९३५ चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’. मला तो आवडतो, कारण तो आपलं कुळ ओळखून हसतो. आपल्याकडे ‘झपाटलेला’चा हिंदी अवतार ‘खिलौना बना खलनायक’ १९९५ मध्ये आला, तर १९९६ च्या ‘पापी गुडिया’नं चकीची गोष्ट पुन्हा सांगितली. दोन्हींनी मूळ चित्रपटांत भर काहीच घातली नाही.

२०१३ साली मात्र योग जुळून आला. तिकडे ‘कर्स ऑफ चकी’ भयाकडे परतला आणि त्याची नायिका झाली ब्रॅड डुरिफ यांची मुलगी फियोना. इकडे जूनमध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला आणि लक्ष्याच्या मुलाचं काम केलं महेश कोठारे यांच्या आदिनाथनं. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरमध्ये गेले होते. त्रिमितीत तात्या अंगावर आला, पण त्याच्यासमोर भेदरायला लक्ष्या नव्हता. ती उणीव कुठलंही तंत्र भरून काढू शकलं नाही.

२०१९ च्या ‘चाइल्ड्स प्ले’च्या नव्या आवृत्तीनं तर आत्माच काढून टाकला. कारखान्यातला एक पिचलेला कामगार बाहुल्याच्या संगणकातली सुरक्षेची बंधनं काढून टाकतो, आणि बाहुला बिघडतो. मार्क हॅमिल यांचा आवाज चांगला आहे, विचारही आजचा आहे. पण बिघडलेलं यंत्र कसं बिघडलं, हे समजतं. समजतं म्हणून भीती उरत नाही. १९८८ च्या पोकळ पाठीला असं काही उत्तर नव्हतं.

या दिवाळीच्या सुट्टीत ‘झपाटलेला’ पुन्हा पाहणार असाल, तर एकदा तात्याकडे न बघता फक्त लक्ष्याकडे बघा. बेर्डे ज्याच्याशी बोलतायत, ज्याला घाबरतायत, ज्याच्यापुढे हात जोडतायत, तो रामदास पाध्ये यांनी घडवलेला एक निर्जीव बाहुला आहे. तो जिवंत आहे हे आपल्याला पटवलं ते बेर्डे यांनी.