‘ए प्लस’च्या मागे काय असते?

बारावीचा निकाल लागला की अंबाडी नाक्यावर एकच चर्चा असते: भिवंडीला प्रवेश घ्यायचा की वाड्याला? महाविद्यालयांच्या जाहिरातींत नावाखाली ‘नॅक मानांकित’ आणि पुढे एखादे अक्षर ठळक छापलेले असते. पालक ते वाचतात, मान डोलावतात. पण ते अक्षर येते कुठून, हे त्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही.

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती 1994 मध्ये स्थापन केली, कार्यालय बंगळुरूला. महाविद्यालय आधी स्वतःचा अहवाल, म्हणजे एसएसआर, पाठवते. त्यातल्या आकड्यांची छाननी होते, विद्यार्थ्यांकडून ऑनलाइन प्रश्नावली भरून घेतली जाते आणि मग बाहेरच्या प्राध्यापकांची समिती येते. सात निकषांवर मिळून 1000 गुण. त्यावरून 4 पैकी सरासरी निघते: 3.51 पासून पुढे ए प्लस प्लस, 3.26 ते 3.50 ए प्लस, असे करत खाली 1.50 किंवा त्याहून कमी आले तर मानांकनच नाही. ग्रेड साधारण पाच वर्षे चालते, म्हणून जाहिरातीतले वर्षही बघावे.

इथे पालकांची एक गफलत होते. मुंबई विद्यापीठाला 2021 मध्ये 3.65 गुणांसह ए प्लस प्लस मिळाले, पण म्हणून त्याला संलग्न असलेले प्रत्येक महाविद्यालय त्या दर्जाचे ठरत नाही. प्रत्येकाचे मूल्यांकन वेगळे होते आणि मोजमापही वेगळे. विद्यापीठाला संशोधनासाठी 250 आणि अध्यापन-मूल्यमापनासाठी 200 गुण. संलग्न महाविद्यालयात मात्र अध्यापन-मूल्यमापनालाच 350. वर्गात काय घडते, याला एवढे वजन आहे आणि ते रास्तच आहे.

या 350 मध्येच अध्ययन निष्पत्ती येते. शिक्षकांच्या खोलीत तिला ‘सीओ’ (कोर्स आउटकम) म्हणतात. विषय संपल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता यायला हवे, ते एका वाक्यात लिहायचे. ‘अंतिम खात्यांची माहिती होईल’ हे वाक्य चालत नाही, कारण माहिती झाली की नाही हे तपासणार कसे? ‘तेरजेवरून आणि समायोजनांवरून एकल मालकाचा ताळेबंद तयार करता येईल’ हे चालते.

मग मोजणी. समजा बी.कॉम.च्या वर्गात 60 मुले आहेत. या निष्पत्तीवरच्या प्रश्नांत 60 टक्के गुण हे लक्ष्य ठरले आणि 39 मुलांनी ते गाठले. म्हणजे वर्गातली 65 टक्के मुले. महाविद्यालयाने 60 टक्के मुलांना पातळी 1, 70 ला पातळी 2, 80 ला पातळी 3 असे ठरवले असेल, तर इथे पातळी 1 आली. हे टप्पे महाविद्यालय स्वतः ठरवते.

आकडा काढून फाईल बंद केली तर सगळा खटाटोप वाया गेला. खरे काम पुढे आहे: उरलेली 21 मुले कुठे अडली? उत्तरपत्रिका चाळल्या तर कळते की अनेकांनी अखेरचा माल ताळेबंदात दाखवला, पण व्यापार खात्यात जमेला घ्यायचा राहिला. तेवढाच भाग दोन तास पुन्हा घ्यावा लागेल. भिवंडीच्या गोदामांत हिशेबाचे काम करणाऱ्याला मालाचा साठा रोज मोजावा लागतो. तिथे ही चूक महागात पडते. शिकवण्यातला असा बदल कोणी, कधी केला, याची नोंद असणे हीच माझ्या मते चांगल्या महाविद्यालयाची खूण. नुसते तक्ते एका रात्रीतही भरता येतात.

अभियांत्रिकीत हेच काम राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ (एनबीए) करते, पण ती संस्थेला नव्हे, एकेका शाखेला मान्यता देते. 2014 मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेसाठीच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून तिथे निष्पत्तीचा आग्रह आणखी वाढला.

ग्रेडच्या पद्धतीवर आक्षेपही आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये तपासणी समितीतील काही सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली. त्याआधीच, 2024 च्या सुरुवातीला, अक्षरी ग्रेड काढून मुख्यतः ‘अधिस्वीकृत आहे की नाही’ एवढेच सांगायचे, आणि पुढे 1 ते 5 पातळ्या ठेवायच्या, असा बदल नॅकने जाहीर केला होता.

तेव्हा प्रवेशाआधी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एसएसआर आणि दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल उघडावा. मुलाच्या विषयाच्या निष्पत्ती वाचाव्यात आणि प्राध्यापकांना थेट विचारावे, ‘सर, गेल्या वर्षी मुले कुठे अडली आणि तुम्ही काय बदललेत?’