बीगलच्या नाकाला लालबाग दाखवा

बीगल पाळणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. फिरायला नेलं की साखळी ओढतो, हाक मारली तरी मान वळवत नाही, रस्त्यावरचं काहीही तोंडात घालतो, घरात एकटा ठेवला की सगळा मजला डोक्यावर घेतो. लहान चण, लोंबते कान, गरीब डोळे आणि जेमतेम 9 ते 14 किलो वजन बघून लालबाग-परळच्या वन बीएचकेत हे पिल्लू येतं, आणि वर्षभरात त्याच्यावर ‘हट्टी’ असा शिक्का बसतो. हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. त्या कुत्र्याचं नाक कशासाठी घडलं आहे, हे घरातल्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

बीगल इंग्लंडात घडला तो रानसशाच्या शिकारीसाठी. ससा केव्हाच दिसेनासा झालेला असायचा. जमिनीवर आणि गवतावर उरलेला त्याचा वास पकडून कुत्र्यांची टोळी पुढे पळायची आणि माणसं पायी मागून जायची. आपल्याकडचा कारवानी कुत्रा डोळ्यांनी सावज टिपतो, लांब पायांनी गाठतो. बीगलचं काम वेगळं होतं: नाक खाली, शेपूट वर, आणि माग सुटेपर्यंत थांबायचं नाही. वळून मालकाकडे बघत बसणारा बीगल त्या कामात कुचकामी ठरला असता. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती न बघणाऱ्यांचीच.

आता त्या नाकाकडे वळू. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख असतात, बीगलच्या नाकात त्या 20 कोटींच्या वर असल्याचं मानलं जातं. पण खरी करामत पेशींच्या संख्येइतकीच हवेच्या वाटेत आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्याच्या नाकाचं संगणकावर प्रारूप तयार करून 2010 साली ही वाट दाखवून दिली. हुंगताना आत गेलेल्या हवेचे दोन प्रवाह होतात. मोठा प्रवाह श्वासासाठी फुप्फुसांकडे जातो. सुमारे आठवा हिस्सा नाकाच्या मागच्या बाजूला, केवळ वासासाठी राखलेल्या चक्रव्यूहासारख्या पोकळीत शिरतो आणि तिथे संथपणे फिरतो. उच्छ्वास बाहेर पडतो तो नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. हे सगळं सेकंदाला पाचेक वेळा घडतं. मात्र कुत्रा धापा टाकू लागला की तोंडाने श्वास घेतो आणि हुंगणं मंदावतं. उन्हात पळवून दमवलेल्या कुत्र्याला वासाचा आनंद मिळत नाही तो यामुळे.

वास मेंदूत कुठे जातो, हेही आता थोडं उमगलं आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना 2022 साली एमआरआयच्या आधारे कुत्र्याच्या मेंदूत गंधकंदापासून थेट दृष्टीच्या भागाकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे आढळले. कोपऱ्यावरच्या खांबाशी दोन मिनिटं उभा असलेला बीगल तिथून कोण गेलं, केव्हा गेलं, याचा शोध घेत असतो. आपण त्या वेळी साखळीला हिसका देतो.

स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. एक एकर मोकळ्या जागेत एक उंदीर सोडला. बीगलांनी तो मिनिटाभरात शोधला. फॉक्स टेरियरांना पंधरा मिनिटं लागली आणि स्कॉटिश टेरियरांना तो सापडलाच नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या नाकाची ओळख वेगळ्या ठिकाणी होते. अमेरिकेच्या शेती खात्याने 1984 मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल तैनात केले आणि पुढे इतर विमानतळांवरही नेले. साड्यांच्या घडीत दडवलेला हापूस किंवा कढीपत्ता हुंगून हा कुत्रा त्या बॅगेशी शांतपणे बसतो. खाण्याची अनावर ओढ, छोटा आकार आणि माणसांना भीती न वाटणारं रूप, या गुणांवरच त्याची निवड झाली. घरात ज्याला आपण दोष म्हणतो, तीच तिथे नोकरीची पात्रता आहे.

नाकाला काम मिळालं की काय घडतं, हे मुंबईने ‘झंजीर’ या पोलीस कुत्र्याच्या रूपाने पाहिलं आहे. तो लॅब्राडोर, म्हणजे माग काढणाऱ्या शिकारी जातींतला नव्हे. पण 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने पोलिसांना 3,300 किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं. त्याचे शेवटचे दिवस 2000 साली परळच्याच पशु रुग्णालयात गेले.

घरातल्या बीगलला बॉम्ब शोधायचे नाहीत, पण शोधायला काहीतरी हवंच. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही कुत्र्यांना दोन आठवडे वास शोधण्याचा सराव दिला, तर काहींना मालकाच्या पायाशी चालण्याचा. नंतर अन्न असेल की नाही याची खात्री नसलेल्या भांड्याकडे वास शोधणारी कुत्री पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागली. म्हणजे त्यांची वृत्ती अधिक आशादायी झाली होती. दुसऱ्या गटात हा फरक दिसला नाही.

इथेच लालबाग कामाला येतं. मोकळी मैदानं इथे कमी आहेत, पण वासाची श्रीमंती क्वचितच दुसऱ्या वस्तीकडे असेल. चिवडा गल्लीतलं तळण, मसाल्याच्या दुकानांतले धणे-दगडफूल, फुलवाल्यांच्या टोपल्या, मासळीवालीची पाटी, गिरणीच्या जुन्या भिंतीवरचं शेवाळ. सकाळी सहाच्या सुमाराला, रहदारी वाढायच्या आत, डॉ. आंबेडकर मार्ग टाळून आतल्या गल्ल्यांतून अर्धा-पाऊण तास चाला आणि त्यातला निम्मा वेळ कुत्र्याला ठरवू द्या कुठे थांबायचं. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा वापरा आणि साखळी कधीही सोडू नका. वास लागला की बीगलला बसची धडधडही ऐकू येईनाशी होते. एप्रिल-मेमध्ये डंकावर मिरची कुटत असतील ती गल्ली मात्र वगळा. मिरचीचा ठसका हा वास नसतो, ती चेहऱ्याच्या मज्जातंतूला झालेली जळजळ असते आणि कुत्र्यालाही ती होते.

घरीही काम देता येतं. रोजच्या खाण्यातलाच थोडा भाग जुन्या गोधडीच्या घड्यांत, खोक्यात, पलंगाखाली लपवा आणि शोधायला सांगा. वरून देऊ नका. बीगल पोट भरलं म्हणून थांबत नाही, आणि वाढलेलं वजन त्याच्या पाठीवर आणि सांध्यांवर बसतं. चिवड्याचा एक घास प्रेमाने देणाऱ्या शेजारच्या काकूंनाही नीट समजावून सांगा. मनुका आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कांदा-लसणीने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. गणपतीत मोदकाच्या सारणातला बेदाणा याच यादीत येतो.

पावसाळा सगळ्यांत कठीण. हिंदमाता, परळ, लालबागला पाणी तुंबतं, त्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि जमिनीला नाक लावून चालणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. हा आजार माणसांनाही होतो. दरवर्षीची लस चुकवू नका, तुंबलेल्या पाण्यातून नेऊ नका, घरी आल्यावर पाय धुऊन पुसा. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. दमट दिवसांत आत बुरशी धरते, आंबूस वास येतो, कुत्रा डोकं झटकत राहतो. आठवड्यातून एकदा कान उघडून बघा, आत काडी घालू नका, शंका आली तर सरळ बैलघोडा हॉस्पिटल गाठा. बैलघोडा म्हणजेच परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय एवढ्या जवळ असणं हे इथल्या मालकांचं भाग्य आहे.

राहिला आवाज. बीगलची लांब हाळी टोळीतल्या सोबत्यांसाठी असते. एकटेपण त्याला मानवत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याच्या झोपेचाही प्रश्न आहे, आणि तो कायद्याने सुटत नाही. तो सुटतो घरात सोबत असण्याने आणि सकाळच्या त्या सावकाश फेरीने.

म्हणून घर दिवसभर बंद राहत असेल तर बीगल आणू नका. आजी-आजोबा किंवा कॉलेजात जाणारं कोणी घरी असेल, सकाळचा पाऊण तास खरोखर देता येणार असेल, तरच आणा. आणल्यावर महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस पहिल्याच महिन्यात पशुवैद्यांशी बोलून मार्गी लावा.