अंगणांतील पहिली शाळा

पहिल्या इयत्तेंत येणारीं मुलें कोऱ्या पाटीसारखीं असतात, अशी समजूत सुशिक्षितांतहि रूढ आहे. ज्यानें वर्गावर आयुष्य काढलें, त्यास ती मान्य होणार नाहीं. एका मुलास आजीनें शेंकडों गोष्टी सांगितलेल्या असतात, तिन्हीसांजेस परवचा म्हणवून घेतलेला असतो, वेळच्या वेळीं वरण-भात मिळालेला असतो. शेजारच्या मुलाची आई पहांटेच मजुरीस गेलेली, धाकट्या बहिणीस सांभाळणारें तेंच, आणि पोटांत कालची शिळी भाकरी. मास्तर दोघांनाहि एकच ‘अ’ शिकवितात. परंतु दोघांमधील अंतर त्या ‘अ’च्या कितीतरी आधीं पडलेलें असतें. तें कमी करण्यासाठीं सरकारी खर्चानें चालणारी जी व्यवस्था आपल्या देशांत आहे, तिचें नांव अंगणवाडी.

या शब्दाचें माहेर आपल्याच महाराष्ट्रांत आहे. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें. १९५७ सालीं हें कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तींत गेलें. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ यांची त्यांना अखेरपर्यंत साथ होती. मुलें शाळेंत येत ना, तेव्हां या दोघींनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांकरितां कुरणशाळा काढली. शंख-शिंपले, बिया, पानें हेंच शिकविण्याचें साहित्य. आधीं आंघोळ, मग गाणें, मग अक्षर, असा क्रम.

पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज देशांत सुमारें १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरज पडल्यास दवाखान्यांत पाठविणें, शाळापूर्व शिक्षण आणि मातांना आहार-आरोग्याची शिकवण, अशा सहा सेवा तींत एकत्र गुंफल्या आहेत. हें एकत्र गुंफणें सहेतुक आहे. उपाशी मूल गाण्यांत रमत नाहीं. वारंवार हगवण लागणाऱ्या मुलास खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. आणि अशक्त मातेच्या पोटीं मूल कमी वजनाचेंच जन्मास येण्याचा संभव अधिक. अभिमन्यूची कथा आपण कौतुकानें सांगतों. परंतु गर्भांत असतांना मूल काय ऐकतें, याइतकेंच त्या मातेच्या ताटांत काय पडतें, हेंहि महत्त्वाचें आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें हा आहार दयेचा न राहतां हक्काचा झाला. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलास ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनें, आणि गर्भवती व स्तनदा मातेस ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिनें, असें प्रमाण त्या कायद्यांत घालून दिलें होतें.

कोणी म्हणेल, मूल वाढविणें हें आईबापांचें कर्तव्य. त्यांत सरकारनें पैसा कां खर्चावा? असें म्हणणाऱ्यांनीं आपल्याच घराकडे पाहावें. एकत्र कुटुंबांत मूल एकट्या आईनें कधींच वाढविलेलें नसतें. आजीची मांडी, काकूचा हात, आत्याचा धाक आणि आजोबांचें बोट, या सर्वांनीं तें वाढतें. पोटासाठीं गांव सोडून आलेल्या मजूर स्त्रीस यांतलें कांहींच नसतें. तिच्या मुलाची आजी आणि काकू होण्याचें काम अंगणवाडीची सेविका करीत असते.

त्या सेविकेची स्थिति मात्र विचार करण्याजोगी आहे. मुलांचीं वजनें घ्यावयाचीं, आहार वाटावयाचा, घरोघर जाऊन मातांना समजवावयाचें, नोंदवह्या भरावयाच्या, आणि आतां मोबाइलवरहि माहिती भरावयाची. हातीं मदतनीस एकच. एवढ्यांतून गोष्ट-गाण्यांसाठीं किती वेळ उरेल? सहा सेवांपैकीं शिक्षणच मागें पडतें, तें यामुळें. २०१८ सालीं केंद्रानें तिचें मानधन दरमहा ४५०० रुपये ठरविलें. राज्यें त्यांत आपली भर घालतात. तरीहि तें ‘मानधन’च, वेतन नव्हे. २५ एप्रिल २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेविका व मदतनीस यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला. परंतु तेवढ्यासाठींहि त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. देशाच्या पहिल्या गुरूस आपण पूर्ण वेळेची शिक्षिका मानीत नाहीं, आणि पहिल्या इयत्तेंत मुलें मागें कां, म्हणून मास्तरास विचारतों!

वाचक कुटुंबांना यांत करण्याजोगें पुष्कळ आहे. आपल्या घरीं धुण्या-भांड्यास येणाऱ्या बाईचें मूल कोणत्या अंगणवाडींत जातें, हें तिला विचारावें. जात नसेल तर कां नाहीं, हेंहि विचारावें. तिची येण्याची वेळ अशी ठरवावी कीं मुलास पोंचवून ती कामावर येऊं शकेल. शहरांत अंगणवाडीस जागेची अडचण फार असते. कोणाची तळमजल्याची खोली सकाळीं रिकामी असेल, तर ती देण्याचा विचार करावा. आणि ज्या आजींचीं नातवंडें आतां मोठीं झालीं आहेत, त्यांनीं सेविकेस विचारून आठवड्यांतून एक तास तेथें जाऊन बसावें. त्यांच्यापाशीं अजून पुष्कळ गोष्टी शिल्लक आहेत, आणि त्या ऐकण्यास तेथें मुलें बसलेलीं आहेत.